अनाम, पण कुणाला?

भोगावतीच्या काठावरच्या एका गावात पारायण सोहळ्याची शेवटची रात्र होती. कीर्तन आटोपलं होतं, जागराचं भजन सुरू झालं होतं. एका मित्राच्या आग्रहावरून मी गेलो होतो आणि अकराच्या सुमारास चप्पल शोधत मंडपाच्या कडेला उभा होतो. तेवढ्यात आतून एक आवाज आला. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे राहून अभंग म्हणत होते. चाल मालकंसाच्या अंगाची होती. मी चप्पल तिथंच सोडून पुन्हा आत गेलो आणि फोन काढून टिपून घ्यायला लागलो. तिसऱ्या कडव्यात त्यांनी एकदम पंचम लावला. मालकंसात पंचम नसतो. पण तो सूर असा काही लागला, की माझ्या अंगावर काटा आला.

त्याच रात्री मी ती चार मिनिटं समाजमाध्यमावर टाकली. वर लिहिलं : ‘भोगावती खोऱ्यातला अनाम हिरा. मालकंसातला हा पंचम ऐका, भल्याभल्यांना सुचणार नाही.’ लोकांनी तो व्हिडिओ भराभर पुढं पाठवला. पुण्या-मुंबईहून फोन आले. ‘तुला हे कुठं सापडतात?’ असं एकानं विचारलं, तेव्हा मी नम्रपणे काहीतरी बोललो. पण आतून फुगलो होतो, हे कबूल करायला हवं.

दीड महिन्यानं ही आनंदाची बातमी द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. ते गुऱ्हाळावर होते. ते गुळव्या आहेत. काहिलीत रस उकळत असतो, त्याची मळी काढत राहायची, आणि पाक नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा ते बुडबुड्यांच्या आकारावरून आणि वासावरून ओळखायचं, हे त्यांचं काम. थोडं आधी उतरवला तर गूळ धरत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. काहील उतरवून, पाक वाफ्यात ओतून झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

“नातवानं दावलं मला त्ये,” ते म्हणाले. “अनाम म्हंजे काय हो सर?”

“म्हणजे... ज्याचं नाव माहीत नाही असा.”

“कुनाला?”

मी गप्प झालो.

“मला तर म्हाईत हाय,” ते हसले. “हितल्या समद्यास्नी म्हाईत हाय. तुमी इचारलं न्हाई, एवढंच. आनि त्यो सूर म्हंता तुमी, त्यो चुकला हुता. घसा बसला हुता त्या राती. आमचा पखवाज्या शेजारीच हुता, तीस वर्सं संगं वाजवतोय, त्यानं लगीच डोळं वटारलं माझ्यावर. तुमच्या फोनात त्यो आलाच न्हाई बघा.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गुळाचा एक गरम खडा हातावर ठेवून ते पुन्हा कामाला लागले. मी मात्र तिथून निघालो तो एक प्रश्न घेऊन, आणि तो अजून सुटलेला नाही. एखादा गुणी पण फारसा कुणाला ठाऊक नसलेला कलाकार आपण ‘शोधून काढतो’, तेव्हा आपण त्याला काही देत असतो, की त्याच्याकडून काही घेत असतो? आणि असं शोधणं हे आपलं कर्तव्य आहे, की आपली हौस?

* * *

आपल्याकडे म्हण आहे, पिकतं तिथं विकत नाही. अप्रसिद्ध कलाकारांबद्दल बोलताना ती हमखास येते. तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे. मालाची किंमत बाजारात ठरते, शेतात नाही. त्यामुळं माल बाजारापर्यंत नेणारा हा उपकारकर्ता ठरतो.

पण गुऱ्हाळावर बसून या म्हणीकडे पाहिलं, की ती जरा लंगडी वाटते. कोल्हापूरचा गूळ म्हणून जो माल देशभर जातो, त्याच्या रव्यावर गुळव्याचं नाव नसतं. ग्राहकाच्या दृष्टीनं तो अनामच. पण ज्या शेतकऱ्याचा ऊस गाळायचा असतो, तो हंगाम सुरू व्हायच्या आधी चांगल्या गुळव्याच्या दारात जातो. म्हणजे माणूस दोन प्रकारे माहीत असू शकतो : बाजारात आणि कामात. बाजारातली ओळख दूरवर जाते, पण उथळ असते. कामातली ओळख चार-दोन कोसांपलीकडे जात नाही, पण तिला खोटं खपत नाही. माझ्या व्हिडिओला वाहवा देणाऱ्यांपैकी कुणालाही पंचम चुकलेला कळला नाही, मलाही नाही. पखवाजवाल्याला कळला.

‘अप्रसिद्ध’ हा शब्द आपण गुणासारखा वापरतो, माणूस उंच आहे किंवा सावळा आहे तसा. खरं तर तो ‘डावीकडचा’ या शब्दासारखा आहे. कुणाच्या डावीकडचा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मी ‘अनाम’ लिहिलं, तेव्हा मला म्हणायचं होतं, ‘मला आणि माझ्यासारख्यांना माहीत नसलेला’. पण मी ते तसं लिहिलं नाही. माझं अज्ञान मी त्यांच्या अंगाला चिकटवलं.

‘मुख्य प्रवाह’ या शब्दाचंही तसंच. कोल्हापुरात राहणाऱ्याला तरी तो जपून वापरता यायला हवा. आमची पंचगंगा ही मुख्य नदी. पण पंचगंगेला स्वतःचा उगम नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या पाण्यातून ती होते, आणि प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढं तिला पंचगंगा म्हणतात. भोगावतीच्या काठावर उभा असलेला माणूस मुख्य प्रवाहाच्या ‘बाहेर’ नसतो. तो वरच्या अंगाला असतो. पंडित भीमसेन जोशींनी ‘संतवाणी’ सभागृहांत नेली, तेव्हा अभंग काही नव्यानं जन्माला आले नव्हते. गावोगावच्या भजनांतून वाहत असलेलं पाणीच पुढं तिथं पोचलं होतं.

* * *

इथंच कुणी म्हणेल, हे सगळं गोड आहे; पण शेवटी गाणं टिकतं ते प्रसिद्धीमुळं. या आक्षेपाचं उत्तर शोधताना मला दूर जावं लागत नाही.

उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते. १८९५च्या सुमारास ते इथं आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, १९२२पर्यंत, कोल्हापूर हेच त्यांचं ठिकाण होतं. तरुणपणी अतोनात गायल्यामुळं त्यांचा मूळचा आवाज गेला, आणि उरलेल्या जड आवाजाला पेलेल अशी वक्र, दमदार, लयीच्या अंगानं उलगडत जाणारी गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. आज तिला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतात. त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रिका घरोघर पोचल्या होत्या. तरीही त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. विसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी संगीतावर ज्यांची एवढी मोठी छाप आहे, त्यांचा एक सूरही आपण ऐकलेला नाही. तरी त्यांचं गाणं टिकलं. ते माणसांच्या गळ्यांतून टिकलं : मंजी खाँ आणि भूर्जी खाँ हे मुलगे, हैदर खाँ हे भाऊ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर.

ही झाली नावाजलेली नावं. यांच्या शेजारीच दुसरी एक रांग आहे. हैदर खाँकडे शिकलेल्या, बडोद्याच्या दरबारी गाणाऱ्या कोल्हापूरच्या लक्ष्मीबाई जाधव. तराण्यासाठी जाणकारांत वाखाणल्या गेलेल्या पद्मावती शाळिग्राम. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी त्या राहत होत्या त्या गावात आज किती जण त्यांना ओळखतात, हा प्रश्नच आहे. निवृत्तिबुवा सरनाईक, जन्म कोल्हापूरचा, पुढं कोलकात्यात गुरू म्हणून राहिले. भूर्जी खाँकडे लहानपणी शिकायला लागलेल्या धोंडूताई कुलकर्णी. त्यांच्यावर त्यांच्या शिष्येनं, नमिता देवीदयाल यांनी, २००७मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते वाचलेले, पण त्यांचं गाणं न ऐकलेले लोक मला बरेच भेटतात.

आणि या रांगेच्या शेवटी अजीजुद्दीन खाँ, भूर्जी खाँचे चिरंजीव. आजोबांच्या आठवणी त्यांनी आजोबांच्याच तोंडून ऐकून लिहून घेतल्या. ते मैफलींचे गवई झाले नाहीत. कोल्हापुरात राहिले. घराण्यातल्या अनवट रागांच्या बंदिशी त्यांच्याकडे होत्या आणि नावाजलेले गायक त्या घ्यायला त्यांच्याकडे येत. म्हणजे व्यासपीठावर ज्यांना टाळ्या मिळत, त्यांच्या मागं व्यासपीठावर न बसलेला एक माणूस होता. मुंबईत गुलूभाई जसदनवाला हे व्यापारी तसेच. त्यांनी अल्लादिया खाँकडून शेकडो बंदिशी घेतल्या, जपल्या, शिकवल्या. त्या विकल्या मात्र नाहीत.

आता यांच्या उलट टोकाचं उदाहरण घेऊ. १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेनं व्हॉयेजर ही दोन यानं सोडली. दोन्हींवर पृथ्वीवरच्या संगीताची एक सोनेरी तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. ती सुचवणारे होते संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन. पण मूळ रेकॉर्ड मिळेना. ॲन ड्रूयन यांना ती अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला सुटलं, ‘व्हॉयेजर २’ त्याच्या पंधरवडाभर आधीच गेलं होतं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आंतरतारकीय अवकाशात पोचलेलं ते गाणं पृथ्वीपासून फार दूर गेलेलं आहे. तिथं ऐकणारा एकही नाही.

मला या दोन चित्रांची तुलना करायला आवडते. एकीकडे कोल्हापुरातल्या खोलीत समोर बसलेल्या एका शिष्याला राग सांगणारे अजीजुद्दीन खाँ. दुसरीकडे अब्जावधी मैलांवर निघालेली, श्रोता नसलेली भैरवी. गाणं किती लांब गेलं आणि ते किती पोचलं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. आपण पहिल्या हिशेबाला दुसऱ्याचं नाव देतो. माझ्या व्हिडिओचंही तेच झालं होतं.

* * *

इथं थांबलो तर मी सोयीचा निष्कर्ष काढून मोकळा होईन : अप्रसिद्ध लोक सुखी आहेत, त्यांना आपल्या जागी राहू द्यावं. ही पळवाट आहे, आणि ती नेहमी आपल्यासारख्या, ज्यांचं नाव थोडंफार छापून येतं अशा लोकांना सुचते.

कारण सगळं अनामपण एका जातीचं नसतं. काहींनी ते निवडलेलं असतं. काहींच्या वाट्याला ते योगायोगानं येतं. गाव आडबाजूला, रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला त्या दिवशी ताप. आणि काहींवर ते लादलेलं असतं. या तिघांना एकाच ‘उपेक्षित’ या शब्दात बसवणं, हीच पहिली चूक.

खासबागेच्या मैदानात कुस्ती ऐन रंगात आली, की हलगी घुमायला लागते. सोबत घुमकं, कैताळ. हलगीच्या चढत्या लयीवर मल्लाच्या अंगात बळ येतं, असं सगळेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी पेपरात मल्लाचं नाव येतं, वस्तादाचं येतं, बक्षीस देणाऱ्याचं येतं. हलगीवाल्याचं येत नाही. तिथं ‘त्याला प्रसिद्धीची हाव नाही’ असं म्हणणं खोटेपणाचं आहे. त्याला कुणी विचारलेलं नाही. ज्या जातींच्या गळ्यात हे वाद्य गावानं अडकवलं, त्यांचं वाजवणं ही कला मानलीच गेली नाही; ते काम होतं, हक्कानं करून घ्यायचं.

पण म्हणून आपण जाऊन त्याला ‘शोधावं’, हेही सरळ नाही. शाहू महाराजांनी १९१८मध्ये आपल्या संस्थानात महार वतन रद्द केलं. १९२०च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचं जाहीर स्वागत केलं. त्यानंतरच्या काळात गावकीची कामं नाकारताना अनेकांनी वाजवणंही सोडलं. ते सोडणं ही आळसातून झालेली हानी नव्हती, तो निर्णय होता. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचे वडील पंचक्रोशीत नावाजलेले हलगीवादक होते. मी एकदा उत्साहानं म्हणालो, तुम्ही ती कला पुढं न्यायला हवी होती. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हाला ताल ऐकू येतो. मला वडिलांचं दारात उभं राहणं दिसतं. लग्नघरी जेवणं होईपर्यंत बाहेर.”

त्यांच्या वडिलांचं नाव हरवायला नको होतं, हे खरं. आणि मुलानं हलगी खाली ठेवली, हेही योग्य होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हानी झाली म्हणजे कुणीतरी ती भरून काढायला बांधील आहे, असं नसतं. निदान ज्यानं सोसलं, तो तरी नसतो. जुनी कला वाचवा म्हणणाऱ्यांनी आधी ती वाजवणाऱ्याला बसायला जागा कुठं दिली होती, हे विचारून घ्यावं. आज तीच हलगी तरुण मुलं पथक काढून, स्वतःचं नाव पाठीवर छापून, ठरवलेली बिदागी घेऊन वाजवतात. तिथं ऐकणाऱ्यानं जावं, मोकळेपणानं दाद द्यावी. वाद्य तेच आहे. वाजवायचं की नाही, हे आता वाजवणारा ठरवतो.

* * *

शोधण्याच्या दोन गोष्टी मला या बाबतीत मार्गदर्शक वाटतात.

पहिली १९३३ची. लोकगीतं गोळा करणारे जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या अँगोला तुरुंगात गेले. तिथं त्यांना हडी लेडबेटर हा कृष्णवर्णी कैदी भेटला, बारा तारांची गिटार वाजवणारा. पुढं तो ‘लेड बेली’ या नावानं गाजला. त्याची गाणी लोमॅक्स यांच्यामुळं वाचली, यात शंका नाही. पण सुटल्यावर तो त्यांची मोटार चालवत होता, आणि श्रोत्यांना रस वाटावा म्हणून त्याचं कैदी असणं पुढं केलं जात होतं. पैशांवरून वाद झाला आणि १९३५मध्येच दोघं वेगळे झाले. शोधणाऱ्याला गाण्याइतकाच ‘तुरुंगात सापडलेला गायक’ हा किस्सा हवा होता. आपल्याकडेही २०१९मध्ये पश्चिम बंगालमधल्या रेल्वे स्टेशनावर गाणाऱ्या एका बाईंचं काय झालं, ते आठवून पाहावं. आधी डोक्यावर घेतलं, चित्रपटात गाणं दिलं, आणि थोड्याच महिन्यांत त्यांच्या मेकअपची टिंगल सुरू झाली. लोकांना त्यांची गरिबी आवडली होती. ती थोडी पुसली गेली, तसा लोकांचा रस संपला.

दुसरी गोष्ट सांगलीची, १९१९ची. नाटक कंपनी सोडून आलेली पंधरा वर्षांची एक मुलगी घरात रियाज करत होती. प्रकृतीच्या उपचारांसाठी सांगलीत आलेले एक वयस्कर गृहस्थ येता-जाता ते ऐकत. एक दिवस ते आत आले, आणि तिला शिकवायला लागले. ती मोगूबाई, आणि ते अल्लादिया खाँ. दीड-एक वर्ष त्यांनी तिला सांगलीत तालीम दिली.

इथं शोध म्हणजे काय झालं? खाँसाहेबांनी तिच्याबद्दल जगाला काही सांगितलं नाही. आपल्याजवळ जे होतं, त्यातलं तिला दिलं. शोधाचा भार त्यांनी स्वतःच्या वेळेवर आणि विद्येवर घेतला. ही गोष्ट मी रंगवून सांगणार नाही. पुढं मुंबईत मोगूबाईंना ती तालीम अखंड मिळाली नाही, दुसऱ्या उस्तादांकडे जावं लागलं, बरीच वर्षं झगडावं लागलं. गुरूची तालीम ही काही सर्वांना समान वाटली जाणारी गोष्ट नव्हती. तरी त्या पहिल्या दिवसातलं एक तत्त्व मला घेण्यासारखं वाटतं. गुण दिसला की पहिला प्रश्न असावा, ‘याच्यासाठी मी काय सोडू शकतो?’ मी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘नेटवर्क आहे का इथं?’

* * *

आपण सगळेच अल्लादिया खाँ नसतो. माझ्याकडे द्यायला विद्या नाही, तालीम नाही. माझ्याजवळ कान आहेत आणि फोन आहे. मग माझ्यासारख्यानं काय करावं? गप्प बसावं?

हा प्रश्न मी गुऱ्हाळावर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनाच, जरा घाबरतच, विचारला. व्हिडिओ काढून टाकू का, असंही विचारलं. त्यांनी मान हलवली. त्या व्हिडिओनं एक गोष्ट केली होती, जी मला ठाऊक नव्हती. त्यांचा नातू, जो भजनाकडे कधी फिरकत नव्हता, तो आता एकादशीला येऊन मागं बसत होता. चाळीस वर्षं आजोबा गातात, हे त्याला माहीत होतं. पण त्यात बघण्यासारखं काही आहे, हे त्याला बाहेरच्यांनी बघितल्यावर कळलं. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण एवढ्यापुरती खरी ठरली, आणि ते मला मान्य करावं लागतं. त्यांचा मुलगा एमआयडीसीत पाळीवर जातो, त्याला वेळ नाही. मंडळात पन्नाशीच्या खालचे तिघंच आहेत. सोहळ्यात गाणाऱ्याला नारळ, टोपी आणि पाकीट मिळतं, त्या पाकिटात काय असतं ते सांगण्यासारखं नाही. त्यामुळं ‘त्यांना कशाला त्रास द्यायचा’ असं मी म्हणणं, हेही एक प्रकारे हात झटकणंच झालं असतं.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “पर पखवाज्याला घ्या. आनि घसा बरा असल तवा घ्या.”

मी तसं केलं. नवा व्हिडिओ केला, मंडळींना आधी विचारून, सगळे दिसतील असा. खाली सगळ्यांची नावं लिहिली, त्यांच्याकडून तपासून घेतली. जुन्याच्या वर ‘अनाम’ होतं, ते खोडून नाव घातलं, आणि पंचमाबद्दलचं वाक्यही काढलं. नवा व्हिडिओ फार कुणी पाहिला नाही. त्यात सूर चुकलेला नाही, कुणाची दया येत नाही, आणि ‘शोध’ लागल्याचा आनंद पाहणाऱ्याला मिळत नाही. बारा-चौदा माणसं नीट भजन करताहेत, एवढंच त्यात आहे.

या लेखात मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. तिथं ते आहे, त्यांच्या गाण्याच्या खाली. इथं त्यांचं गाणं ऐकू येत नाही, फक्त माझं म्हणणं ऐकू येतं. आणि माझ्या म्हणण्याला वजन यावं म्हणून त्यांचं नाव वापरणं मला बरं वाटलं नाही.

मी आतापर्यंत जेवढं समजलो ते एवढंच. चांगलं गाणं कानावर पडलं, तर ऐकणाऱ्यावर काही ऋण येतं. ते जगाला सांगून फिटत नाही. नाव विचारावं, सोबत कोण आहे ते पाहावं, त्याला काय हवंय आणि काय नको ते ऐकावं, पैशांची बाब असेल तर संकोच न करता बोलावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुन्हा जावं. शोधणारा एकदाच येतो. श्रोता परत येतो.

यंदाच्या सोहळ्यात मी पुन्हा गेलो होतो. फोन खिशातच होता. जागर सुरू झाला आणि कुणीतरी माझ्या हातात टाळ दिले. नको म्हणायला वेळ मिळाला नाही. दोन अभंग कसेबसे धरले. तिसऱ्याला लय चढली आणि माझा हात चुकला. पलीकडून पखवाजवाल्यांनी माझ्याकडे पाहून डोळे वटारले.